मॉर्फिनची भीती आणि आईची वही

सासऱ्यांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन लिहून दिलंय, पण ‘सवय लागेल’ म्हणून घरचे गोळी द्यायला तयार नाहीत, असं तुम्ही म्हणताय. आमच्याकडे आईच्या वेळी हेच झालं. आठ दिवस गोळ्या कपाटात आणि आई रात्रभर कण्हत बसलेली. आजही आठवलं की जीव तुटतो.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो. म्हणून दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घड्याळ बघून द्यायची. आम्ही शंभरपानी वही केली होती: वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, पोट साफ झालं का. हा शेवटचा रकाना सोडू नका. बद्धकोष्ठता बहुतेकांना होतेच, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. मळमळ बहुधा आठवड्याभरात कमी होते.

डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही, एकदम बंदही करायचा नाही. दारू नको, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. हाक मारूनही माणूस जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढची गोळी न देता लगेच हॉस्पिटल गाठा. पुढे फेंटानिलचा पॅच (त्वचेवर चिकटवायची दुखण्याच्या औषधाची पट्टी) दिलाच, तर त्यावर गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

गोळ्या कुलपात ठेवा. अशी औषधं रुग्णांना सहज मिळावीत म्हणून 2014 साली अमली पदार्थांचा कायदा सुधारला, तरी मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. स्ट्रिप संपायच्या चार दिवस आधीच आणायला निघा.