रवांडा: एप्रिलमध्ये आईला घेऊन जावं का?

रानवेडी
एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रवांडाला जायचं मनात आहे. आई (वय 66, सपाटीवर चालते मस्त, चढावर दम लागतो) आणि मी, दोघीच. टूर कंपनी नको. व्हिसा आधी काढायचा की तिथे गेल्यावर? गोरिला बघणं आईला झेपेल का? ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. आणि 7 एप्रिलच्या सुमारास जाऊ नका असं कुणीतरी म्हणालं, ते का?

भटक्या_नाना
व्हिसा किगाली विमानतळावर मिळतो, 2018 पासून सगळ्याच देशांच्या लोकांना. 30 दिवसांचे 50 डॉलर. खरा खड्डा पडतो तो गोरिलाच्या परमिटला, माणशी 1500 डॉलर! युगांडात तेच 800 ला आहे. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या न्या, जुन्या घ्यायला कां कूं करतात.

हजारटेकड्या
नाना, भारतीय पासपोर्टवाल्यांना ते 50 डॉलरही पडत नाहीत. राष्ट्रकुलातल्या देशांना 30 दिवसांसाठी शुल्क माफ आहे. युगांडा जोडायचा असेल तर मात्र पूर्व आफ्रिकेचा एकत्र व्हिसा बघा: 100 डॉलर, 90 दिवस, त्यात रवांडा, युगांडा आणि केनिया. ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे अर्ज करायचा.

रानवेडी, नवऱ्याच्या नोकरीमुळे मी किगालीत राहते, म्हणून जरा हक्काने सांगते. तारीख बदला. मार्च ते मे इथला मोठा पावसाळा. जंगलातली वाट म्हणजे नुसता रबरबाट, आणि 66 वर्षांच्या बाईंना त्यात चढवायचं म्हणजे तुमचीच परीक्षा.

दुसरं कारण त्याहून मोठं. 1994 चा नरसंहार, ज्यात हुतू अतिरेक्यांनी तुत्सी लोकांना मारलं, 7 एप्रिलला सुरू झाला आणि शंभर दिवस चालला. दर वर्षी त्या तारखेपासून आठवडाभर राष्ट्रीय शोक असतो. बारमध्ये गाणी वाजत नाहीत, लग्नं-पार्ट्या होत नाहीत, लोक सभांना जातात. परदेशी माणसाला कुणी हाकलत नाही, पण आजूबाजूला माणसं आपल्या घरातल्या गेलेल्यांना आठवत असताना आपण सेल्फी काढत हिंडणं बरं दिसत नाही. किगालीतलं गिसोझीचं नरसंहार स्मारक एरवी कधीही बघता येतं, प्रवेश फुकट आहे. अडीच लाखांवर माणसं तिथे पुरलेली आहेत. लहान मुलांच्या फोटोंची एक खोली आहे, खाली त्यांचा आवडता खाऊ, आवडतं खेळणं लिहिलेलं. आईंना आधी सांगून ठेवा, तिथून लोक थरथरत बाहेर येतात. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. आणि टॅक्सीवाल्याला, वेटरला, कुणालाही ‘तुम्ही हुतू की तुत्सी’ असं चुकूनसुद्धा विचारायचं नाही. आपल्याकडचे लोक सहज विचारून बसतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

गोरिला. परमिट आधी, विमानाचं तिकीट नंतर. जून ते सप्टेंबरची परमिटं भराभर संपतात. सकाळी 7 ला किनिगीला, म्हणजे गोरिलांच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात, हजर व्हायचं, म्हणजे आदल्या रात्री जवळच्या मुसांझे गावात मुक्काम. किगालीहून तिथे गाडीने साधारण दोन-अडीच तास, सगळा रस्ता वळणांचा. आईंना गाडी लागत असेल तर गोळी द्या. किनिगीत आठ-आठ जणांचे गट पाडतात. गोरिलांचं कुठलं कुटुंब जवळ आहे, कुणाला कुठे पाठवायचं हे तिथेच ठरतं, तेव्हा वाटाड्याला स्पष्ट सांगा की आईंना कमी चढ हवा. लाजू नका, ते ऐकतात. काठी मिळते. पोर्टर नक्की घ्या, बॅग उचलणं हे निमित्त, खरा उपयोग चिखलात हात धरायला. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड हातमोजे हवेत, कारण वाटेत खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपं आहेत. गोरिलांपाशी मिळतो तो एकच तास. आणि सर्दी-खोकला झाला असेल तर आत सोडत नाहीत, आपला आजार त्यांना लागतो.

1500 डॉलर जिवावर येत असतील तर त्याच डोंगरांत सोनेरी माकडं बघा, 100 डॉलरचं परमिट. चढ कमी, आणि माकडं बांबूच्या बनात इतका धुडगूस घालतात की माझ्या सासूबाईंना गोरिलांपेक्षा तीच आवडली.

जेवणाचं अजिबात टेन्शन नको. दुपारी जागोजागी ‘मेलांज’ असतो: भात, घेवड्याची उसळ, तळलेली केळी, बटाटे, कोबी, राजगिऱ्यासारखी पालेभाजी ‘दोदो’. ताट एकदाच भरायचं, दुसऱ्यांदा उठायचं नाही. त्यामुळे शहाणे लोक असे डोंगर रचतात की बघत राहावं. मटणाचा तुकडा नको म्हणून आधीच सांगा. ‘इसोंबे’, म्हणजे कसाव्याच्या पाल्याची भाजी, विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात कधी कधी सुकी मासळी असते. टेबलावर ‘अकाबांगा’ नावाच्या मिरचीच्या तेलाची इवलीशी बाटली दिसेल. थेंबाथेंबाने घ्यायचं. आपण तिखट खाणारे वगैरे ते सगळं तिथे विसरायचं.

प्लॅस्टिकच्या पिशव्या सामानात अजिबात नकोत, 2008 पासून बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. चपला, साबण, फराळ सगळं कापडी पिशव्यांत भरा.

भटक्या_नाना
व्हिसाची माहिती नवी कळली, धन्यवाद. आकागेरा राष्ट्रीय उद्यानही बघा, 2015 मध्ये सिंह परत आणून सोडलेत, 2017 मध्ये काळे गेंडे. गाडीत बसून बघायचं, आईंना सोयीचं.

रानवेडी
बरं झालं विचारलं. आता जूनचा दुसरा पंधरवडा धरते. किवू सरोवर करावं का? स्वेटर लागेल? आणि त्या मोटारसायकल टॅक्सीवर आईला बसवू का?

हजारटेकड्या
किवूला जा, पण गिसेन्यीऐवजी किबुयेला. गिसेन्यी काँगोतल्या गोमा शहराला अगदी खेटून आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये गोमा बंडखोरांच्या हाती गेल्यापासून सीमेपलीकडचं वातावरण भरवशाचं नाही. किबुये शांत आहे. संध्याकाळी तीन नावा एकत्र बांधून कोळी निघतात, वल्ह्यांच्या तालावर गात. बाल्कनीतून बघा.

स्वेटर हवाच, मुसांझेत रात्री चांगलंच गार होतं. मोटोवर एकाच प्रवाशाला बसता येतं, हेल्मेट चालकच देतो, म्हणजे आई एका मोटोवर आणि तुम्ही दुसऱ्या. त्यापेक्षा गाडी करा. वाहनं उजव्या बाजूने चालतात, रस्ता ओलांडताना आईंचा हात सोडू नका.

युगांडा किंवा केनिया जोडलात तर पीतज्वराची लस आणि पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) लागेल, नाहीतर परत भारतात उतरताना अडवतील. लस निघायच्या निदान 10 दिवस आधी टोचून घ्या.

जूनचा शेवटचा शनिवार तुमच्या तारखांत येतोय. त्या दिवशी सकाळी 8 ते 11 ‘उमुगांडा’ असतो, अख्खा देश रस्ते झाडायला, गटारं खणायला उतरतो. दुकानं बंद, गाडीला चालक मिळत नाही. त्या सकाळी मुसांझेहून निघायचं ठेवू नका.