शाळेतले विज्ञानप्रयोग आणि कोकणची हवा : अनुभव धागा

प्रयोग पुस्तकात दिल्याप्रमाणे होत नाही, तेव्हा निम्म्या वेळा गोम आपल्या हवेत, पाण्यात नाहीतर साहित्यात असते. किनाऱ्यावर शिकलेल्या-शिकवणाऱ्या मंडळींनी इथे लिहावं: काय घेतलं, किती घेतलं, कुठे फसतं आणि का. छडी आणि गॅदरिंगच्या आठवणींसाठी दुसरे धागे आहेत.

कुडाळहून

लिटमस संपला म्हणून आम्ल-आम्लारीचा धडा अडून बसायला नको. चार-पाच सोलं (कोकमाची वाळवलेली सालं) कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, गाळा. लाल पाणी हाच दर्शक. जास्वंदीच्या पाकळ्याही चालतात, पण त्या कोमेजल्या की रंग मळतो. सोलं बारा महिने डब्यात असतात.

फसतं ते असं. सोलाचं पाणी मुळात आंबट. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की नुसतं फसफसतं, रंग तसाच. मुलं म्हणतात प्रयोग चुकला. चुकलेला नाही, आधी सोलाचं स्वतःचं आम्ल संपावं लागतं. म्हणून पाणी दहापट पातळ करायचं आणि मग सोडा घालायचा. लाल फिकटतं, जांभळट-राखाडी होतं. चुन्याची निवळी घातली तर हिरवट, आणि थोड्या वेळाने पिवळट. तो पिवळट रंग आम्ल घालूनही पुरता परत लाल होत नाही, कारण जास्त आम्लारीत रंगद्रव्यच मोडतं.

आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरायचं तर एक लिटर पाण्याला एक चमचा पुरे. बाजारातलं सरबत नको. त्यात वरून रंग घातलेला असेल तर तो सोड्याने बदलणारच नाही (ही चाचणी घरीही करून बघा).

दापोलीहून

वर निवळीचा उल्लेख आला म्हणून. पानाचा चुना चमचाभर, पाणी एक लिटर, झाकण लावून रात्रभर ठेवायचं, वरचं स्वच्छ पाणी तेवढं अलगद ओतून घ्यायचं. लिटरभर पाण्यात चुना जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, तेव्हा डबाभर ओतून काही जास्त कडक निवळी होत नाही. बाटली उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते. नळीने फुंकल्यावर पांढरी होते हे सगळे दाखवतात. फुंकत राहिलं तर पुन्हा निवळते, हे फार थोडे दाखवतात. फुंकताना निवळी तोंडात ओढली जाणार नाही एवढं बघा, आणि डोळ्यांपासून लांब.

रत्नागिरीहून

स्थितिक विद्युतचा धडा जुलै-ऑगस्टात घेऊच नये. कंगवा केसांवर कितीही घासा, कपटे हलत नाहीत. हवेतल्या दमटपणाने कंगव्यावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा बसतो आणि प्रभार त्यावरून हातात निघून जातो. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहा-अकराला घ्या: ऊन चढलेलं असतं आणि खारे वारे अजून सुटलेले नसतात. त्या आधी कंगवा, फुगा, लोकरीचा तुकडा अर्धा तास उन्हात. विद्युतदर्शी करायची असेल तर तार बुचातून घालू नका, बूच ओल धरतं; मेणबत्तीचं मेण ओतून त्यात बसवा.

वेंगुर्ल्याहून

समुद्राच्या पाण्यापासून मीठ. एका लिटरात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम, त्यात खायचं मीठ साधारण २७. पाणी उन्हाळ्यात आणि मोकळ्या किनाऱ्यावरचं घ्या; पावसात खाडीच्या तोंडाशी भरलं तर हाती काहीच लागत नाही. स्टीलचं पातेलं, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

सगळ्यांची चूक एकच: खडखडीत सुकेपर्यंत उकळतात. मग मीठ कडू लागतं आणि दोन दिवसांत पाझरतं, कारण मॅग्नेशियमचे क्षार त्यातच राहतात. पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम सुटायला लागतं. दहाव्या हिश्श्याशी, म्हणजे १०० मिलीवर, थांबून गाळा. पुढचं उन्हात परातीत. तळाशी खडे दिसले आणि २५-३० मिली उरलं की ते कडू पाणी ओतून द्या. शिरोड्याच्या मिठागरात वाफे एकापुढे एक का असतात, ते मग सांगावं लागत नाही.

हर्णैहून

भरती मोजायला धक्क्याला काठी बांधतात आणि लाटांमुळे आकडा कधी दोन फूट वर, कधी खाली. उपाय: चार इंची पीव्हीसी पाइप उभा बांधा, खालचं तोंड बंद, बुडाजवळ एकच ५-६ मिलिमीटरचं भोक. आत थर्माकोलचा तरंगता गोळा, त्यावर खुणा केलेली हलकी काडी. भोक लहान असल्यामुळे लाटेला आत यायला वेळच मिळत नाही, भरती मात्र सावकाश आत चढते. आठवड्याला भोक खरवडा. शेवाळ आणि कालवं ते बुजवतात, मग आलेख सपाट येतो आणि मुलं तोच खरा मानतात. दहा फुटी पाइप दक्षिण कोकणात चालतो. वर रायगडाकडे उधाणाला तोकडा पडेल.

आलेखाशेजारी दर्यावर्दींचा हिशोब लिहा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात. तासाभराचा फरक पडतो, खाडीत आत गेलात तर जास्तच. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं. आणि सगळ्यात मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येतं, ते आकड्यांतच दिसू द्या.

देवगडहून

सीडीचा वर्णपटदर्शी: खोक्याच्या एका टोकाला केसाएवढी उभी चीर, समोर ६० अंशांत तिरकी सीडी, तिच्यावर बघायला भोक. सूर्याकडे रोखायचा नाही, पांढऱ्या भिंतीकडे. स्पिरिटच्या दिव्यात मिठाचा खडा धरला की सोडियमची पिवळी रेषा दिसते. मुळात त्या दोन आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, पण सीडीत एकच दिसते.

हेलियमची रेषा ५८७.६ वर, म्हणजे अगदी शेजारी. म्हणूनच १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात ही रेषा दिसली तेव्हा ती आधी सोडियमचीच वाटली. १८ ऑगस्टचं खग्रास ग्रहण आपल्या विजयदुर्गावरूनही गेलं, पण हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडतात ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर तिथे नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ग्रहण बघायला गुंटूरला होते, लॉकियरनी ती रेषा ऑक्टोबरात इंग्लंडातून पाहिली. सहलीत किल्ल्यावर उलट सांगतात.