ट्रॅव्हलरची दुसरी बॅटरी रात्री 2 ला मान टाकते, काय करू? (बजेट 15 हजार, त्यावर नाही)

डब्बागुल | 6 मे, रात्री 10:42

राम राम मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

2016 ची टेम्पो ट्रॅव्हलर सेकंडहँड घेतली आणि चिपळूणच्या एका मिस्त्रीकडून कॅम्पर करून घेतली. पलंग, छोटा ओटा, 40 लिटरचा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज, एक डीसी पंखा, चार एलईडी पट्ट्या, लॅपटॉपपुरता इन्व्हर्टर. इंजिनची बॅटरी वेगळी, मागच्या संसाराची वेगळी (100 एएच म्हणजे अँपिअर-तास, साधी ॲसिडची, 14 महिने झाले). मध्ये रिले आहे, चावी फिरवली की दोन्ही जोडल्या जातात. वायर 6 स्क्वेअर एमएम, अंतर साडेचार मीटर.

मागच्या आठवड्यात तारकर्लीला गेलो. पाच तास गाडी चालवून पोचलो, म्हणजे बॅटरी फुल असायला हवी. रात्री 9 ला आडवे झालो, 2 ला पंखा बंद, फ्रीजही बंद. बायको आणि पोरगा घामाने निथळतायत, आणि 900 रुपयांची सुरमई सकाळी मांजरांनी खाल्ली.

बॅटरीवाला म्हणतो नवीन टाका. मिस्त्री म्हणतो बॅटरीवाला लुटतोय. बजेट 15 हजार, जूनमध्ये शाळेची फी आहे. सीट काढल्याची नोंद आरसीवर करून घेतली आहे, तो विषय कृपया नको.

सह्याद्रीचा_वारा | 6 मे, रात्री 10:58

सरळ लिथियम टाका. 100 एएच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). मी टाकली दोन वर्षांपूर्वी, तेव्हापासून बॅटरी कुठे ठेवली आहे तेही विसरलो. वजन निम्म्याहून कमी, 100 पैकी 90 वापरता येतात, तुमच्या ॲसिडवालीचे 50 च धरा. त्याबरोबर 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या करंटवर मागची बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा) आणि टपावर 200 वॉटचं पॅनेल. एकदाच 55-60 हजार गेले की सुटलात.

डब्बागुल | 6 मे, रात्री 11:03

धन्यवाद, पण बजेट 15 आहे हो.

सह्याद्रीचा_वारा | 6 मे, रात्री 11:05

ईएमआयवर मिळते.

तात्या_तळेकर | 7 मे, सकाळी 6:31

माझ्याकडे कॅम्पर आहे 9 वर्षं. एकच बॅटरी. सिमेंट, खत, आंब्याच्या पेट्या, सगळं वाहतो. कधी त्रास नाही. दोन बॅटऱ्या लागतात कशाला हेच मला कळलं नाही.

चहाबाज | 7 मे, सकाळी 7:10

तात्या, तुमची बोलेरो कॅम्पर ती पिकअप. हे गाडीत झोपायच्या कॅम्परबद्दल चाललंय.

तात्या_तळेकर | 7 मे, सकाळी 7:14

झोपतो की मी पण. केबिनमध्ये. काच खाली करून.

रिलेबाबा | 7 मे, सकाळी 8:20

पैसे काढायच्या आधी 300 रुपयांचा मल्टिमीटर काढा. "पाच तास चालवली म्हणजे फुल" हे कशावरून?

आज रात्री मागचं सगळं बंद करा. उद्या सकाळी चावी न लावता दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट घ्या. 12.6 च्या पुढे असेल तर भरलेली, 12.2 च्या आसपास अर्धी, 11.9 च्या खाली असेल तर रिकामीच समजा. मग इंजिन चालू करा, जरा रेसवर धरा, फ्रीज-पंखा चालू ठेवा आणि पुन्हा दोन्हींचे व्होल्ट घ्या. त्यानंतर मीटरची लाल सुई इंजिनच्या बॅटरीच्या प्लसवर, काळी मागच्या बॅटरीच्या प्लसवर. आकडा लिहा. तसंच दोन्ही मायनसच्या मध्ये. सगळे आकडे इथे टाका, मग बोलू.

आणि फ्यूज कुठे कुठे आहेत?

गोदाकाठ | 7 मे, सकाळी 9:02

डीसी-डीसी चार्जरशिवाय पर्याय नाही. माझी 2021 ची बीएस 6 गाडी. अल्टरनेटर स्मार्ट, इंजिनची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. मी व्होल्टेजवर चालणारा रिले लावला होता, 13.3 ला जोडायचा, 12.8 ला सोडायचा. घाटात नुसतं टक-टक, टक-टक. शेवटी डीसी-डीसी लावला तेव्हा शांत झोप लागली. तोच घ्या.

रिलेबाबा | 7 मे, सकाळी 9:15

त्यांची 2016 ची आहे. आकडे आल्याशिवाय डीसी-डीसीचं नाव काढू नका.

गोदाकाठ | 7 मे, सकाळी 9:17

तरीपण.

शुद्धलेखन_पोलीस | 7 मे, सकाळी 10:40

अवांतर: बॅटरीला मराठीत चांगला शब्द असताना सगळे इंग्रजी का वापरतात? विद्युतघटमाला. अगदी अर्थवाही.

चहाबाज | 7 मे, सकाळी 10:44

गॅरेजमध्ये जाऊन सांगा "विद्युतघटमाला उतरली". तो विचारेल घटस्थापना कधी.

श्टुटगार्टची_सून | 7 मे, दुपारी 1:25

आमच्याकडे कॅम्पसाइटवर 230 व्होल्टचा प्लग असतो, गाडी लावली की केबल जोडायची, संपलं. फ्रीज तीन प्रकारे चालतो: गॅस, 230 आणि 12 व्होल्ट. 12 वर मात्र फक्त गाडी चालू असताना, कारण तो काही तासांत बॅटरी पिऊन टाकतो. गॅसवर रात्रभर आरामात. फक्त गाडी सपाट जागेवर उभी हवी, तिरकी असली की थंडावा धरत नाही. तुम्ही तोच फ्रीज का नाही घेतला?

डब्बागुल | 7 मे, दुपारी 1:40

ताई, तारकर्लीला आम्ही एका काकूंच्या माडाखाली उभे होतो. प्लग त्यांच्या घरात, तिथे मिक्सर चालू होता.

कायद्याचं_बोला | 7 मे, दुपारी 3:12

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळा बदल चालत नाही. विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. आधी आरटीओ, मग बॅटरी.

डब्बागुल | 7 मे, दुपारी 3:20

पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

कायद्याचं_बोला | 7 मे, दुपारी 3:26

वाचलं. तरी सांगणं कर्तव्य.

बर्फाळ_बाळू | 7 मे, रात्री 9:30

लिथियमवाल्यांसाठी: आम्ही ऑक्टोबरात काझाला गेलो होतो. पहाटे पारा शून्याखाली. सकाळी गाडी चालू केली तर बॅटरी चार्जच घेईना. शून्याखाली चार्ज केली तर सेल खराब होतात, म्हणून आतला बीएमएसच (बॅटरी सांभाळणारं सर्किट) चार्जिंग बंद करतो, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. पुढच्या दोन रात्री बॅटरी ब्लँकेटमध्ये गुंडाळून पायाशी घेऊन झोपलो. मित्र अजून वहिनी म्हणतात तिला.

सह्याद्रीचा_वारा | 7 मे, रात्री 9:36

तारकर्लीला बर्फ पडतो का?

बर्फाळ_बाळू | 7 मे, रात्री 9:41

आणि साध्या रिलेवर लिथियम लावली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी उभी, इंजिन चालू, हवा नाही, अल्टरनेटर तापून बसतो. तेही माझंच झालंय. फुशारकी मारायच्या आधी तेवढं सांगत जा.

डब्बागुल | 8 मे, सकाळी 7:55

रिलेबाबा, आकडे.

सकाळी सगळं बंद: इंजिनची 12.7, मागची 12.0.
इंजिन चालू: पुढे 14.2, मागे 13.0.
प्लस ते प्लस 0.4. मायनस ते मायनस 0.8.

फ्यूज इन्व्हर्टरच्या आधी एक आहे. बाकी नाही.

रिलेबाबा | 8 मे, सकाळी 8:30

बघा, तुमची बॅटरी 14 महिने उपाशी आहे. अल्टरनेटर 14.2 देतोय, म्हणजे तो ठणठणीत. मागे पोचताना 1.2 व्होल्ट वाटेतच गळतायत. 13.0 वर ॲसिडची बॅटरी पाच तास काय, दिवसभर चालवली तरी भरणार नाही, तिला 14 च्या वर लागतात.

प्लसकडचे 0.4 वायरचे. 6 स्क्वेअरचा तांब्याचा एक मीटर म्हणजे साधारण 3 मिलिओहम, साडेचार मीटरचे 14, आणि 25 अँपिअर वाहत असतील तर साडेतीन दशांश तिथेच गेले. वर रिले आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी). पण खरा चोर मायनसकडे आहे. 0.8 म्हणजे अर्थिंग (मायनसची चासीला जोडणी) कुजलंय किंवा रंगावर आवळलंय. मागच्या बॅटरीची मायनस वायर चासीला कुठे जोडली आहे? खाली शिरा आणि फोटो काढा.

मालवणी_मसाला | 8 मे, सकाळी 9:05

अर्थिंगच. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बोल्टचा वाटाणा होतो. माझ्या गाडीत सहा महिने सगळ्यांनी अल्टरनेटरवर संशय घेतला, दोनदा उघडला. निघाला काय तर गंजलेला नट.

गोदाकाठ | 8 मे, सकाळी 9:20

डीसी-डीसी लावला असता तर त्याने 13 चे 14.4 स्वतःच केले असते. बरोबर ना?

रिलेबाबा | 8 मे, सकाळी 9:33

बरोबर. आणि तो 0.8 चा सांधा तापत राहिला असता, तुम्हाला कळलंही नसतं.

वायरमन_सातारकर | 8 मे, दुपारी 12:10

फ्यूजचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. माझ्या भावाच्या गाडीत हीच जोडणी होती. फ्यूज एकच, पुढच्या बाजूला. वायर सीटखाली चासीच्या पत्र्याच्या धारेवर घासत होती. एक दिवस इन्सुलेशन फाटलं. पुढचा फ्यूज उडाला, पण मागची बॅटरी त्याच वायरला दुसऱ्या टोकाकडून पोसत राहिली. मॅट पेटलं. पाण्याच्या बाटल्या ओतून विझवलं, वायर तोडायला पक्कड सापडेना.

जोडवायरला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना हवा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचा ग्रोमेट (भोकाच्या काठाला बसणारी कडी).

रिलेही बघून घ्या. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या सेल्फचा सोलेनॉइड (स्टार्टरचा मोठा स्विच) लावतात. तो काही सेकंदांसाठी असतो, पाच तास धरून ठेवला की हात लावता येत नाही. शिवाय चावीवर रिले जोडला तर सेल्फ मारताना इंजिन मागच्या बॅटरीतूनही करंट ओढतं, तुमच्या बारीक वायरीतून. सिग्नल अल्टरनेटरच्या चार्जिंग लाइटच्या वायरवरून घ्या, म्हणजे इंजिन लागल्यावरच जोडेल.

चकवा | 8 मे, दुपारी 12:48

वाखु (वाचनखूण) साठवली. माझं पण सेम होतं, बहुतेक अर्थिंगच असणार. माझ्याकडे कॅम्पर नाही, स्कूटर आहे.

मिरजेची_मावशी | 8 मे, दुपारी 2:15

बॅटरी पलंगाखाली बंद खोक्यात ठेवली आहे का? साधी ॲसिडची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. खोक्याला वरच्या बाजूने बाहेर जाणारी नळी हवी, तो वायू वर जातो. आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग तिथेच बंद, सगळे खाली उतरा. आम्ही एकदा कोणाचं पोट बिघडलंय यावर तासभर भांडलो होतो.

महिन्यातून एकदा पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड, आरओचं नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं धरलं असेल तर वायर काढून गरम पाणी आणि खायचा सोडा, बुच्चं घट्ट लावून. मग पुसून व्हॅसलीन.

सह्याद्रीचा_वारा | 8 मे, दुपारी 2:31

लिथियमला पाणीच घालावं लागत नाही.

डब्बागुल | 10 मे, रात्री 8:50

आज गाडीखाली शिरलो. मिस्त्रीने मागची मायनस वायर सीटच्या जुन्या बोल्टला मारली होती. बोल्टखाली पिवळा प्रायमर, त्यावर काळा रंग, त्यावर वॉशर, सगळं मिळून गंजाची पुरणपोळी. वायरचा लग हातोडीने चेपलेला, हाताने ओढला तर निघून आला. घासून पत्रा चकचकीत केला, चौकातल्या इलेक्ट्रिशियनकडून नवीन लग दाबाच्या मशीनवर बसवून घेतला, वर ग्रीस. खर्च 60 रुपये आणि एक चहा.

आता मायनस ते मायनस 0.05. मागे 13.6 येतात.

रिलेबाबा | 10 मे, रात्री 9:04

उत्तम. उरलेले प्लसकडचे. 25 स्क्वेअर केबल टाका. वेल्डिंगची केबल लवचीक असते, पण घेताना टोक खरवडून बघा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली बरीच विकतात. दोन्ही टोकांना फ्यूज, चांगला रिले. सगळं मिळून पाच-सहा हजारांत बसेल. बॅटरी घरी चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा आणि हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) सहाही सेल बघा. पाच 1250 दाखवतायत आणि एकच 1200 च्या खाली आहे, असं असेल तर तो सेल गेला.

डब्बागुल | 17 मे, रात्री 10:15

अपडेट. सहाही सेल 1230 ते 1240. पूर्ण भरून काल वेळणेश्वरला मुक्काम केला. पंखा पहाटे 5 पर्यंत चालला. आधी 2 ला बंद व्हायचा.

रिलेबाबा | 17 मे, रात्री 10:22

14 महिने अर्धपोटी राहिल्याने प्लेटवर सल्फेट धरलंय, गेलेली ताकद सगळी परत येत नाही. हिशेब करा. फ्रीज चालू असताना पावणेचार अँपिअर, उकाड्यात निम्मा वेळ चालला तरी तासाला जवळपास 2. पंखा 2. इन्व्हर्टर रात्री बंद करता ना? तो नुसता चालू राहिला तरी तासाला एकेक अँपिअर खातो. केबल जाड केली की निघतानाच जास्त भरलेली मिळेल.

डब्बागुल | 19 मे, सकाळी 11:40

इन्व्हर्टर बंद करायचं लक्षातच नव्हतं.

मंडळी, सगळ्यांचे आभार. निर्णय झाला. फ्रीज काढला. मच्छीवाल्याकडून थर्माकोलची मोठी पेटी आणली 150 ला, बर्फ मिळतो तिथेच भरायचा. काल रात्री घराबाहेर गाडीत झोपून बघितलं, सकाळी 7 ला बॅटरी 12.3. केबल दिवाळीनंतर बघू. बायको म्हणाली 15 हजार आहेत तर फीला लागतील.

सह्याद्रीचा_वारा | 19 मे, सकाळी 11:52

एवढी चर्चा करून थर्माकोल?

श्टुटगार्टची_सून | 19 मे, दुपारी 12:30

बर्फाचं पाणी कुठे सोडता?

वायरमन_सातारकर | 19 मे, दुपारी 12:41

फ्यूज लावले का?

डब्बागुल | 19 मे, दुपारी 1:05

पुढचा लावला. मागचा दुकानात नव्हता.

वायरमन_सातारकर | 19 मे, दुपारी 1:06

तो येईपर्यंत मागचं टोक सोडवून ठेवा. आत्ता. जेवण नंतर.

चकवा | 19 मे, दुपारी 1:30

फ्रीज विकणार का? किती लिटरचा आहे?