गोवंडीत कलाकारांसाठी चहा-कट्टा काढायचाय, सल्ला हवा

गोवंडीची_ताई:
आमच्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगीत 225 फुटांची घरं, त्यात पाच-सहा माणसं, चित्र काढायचं तर सगळे झोपल्यावर ओट्याशी बसून, आणि रॅप लिहिणारी पोरं जिन्यात. चेंबूरच्या कॅफेत एका कॉफीच्या पैशात आमचा आठवड्याचा चहा होतो, वर तासाभराने वेटर बिल आणून ठेवतो. तर स्वस्त चहा, मोठं टेबल आणि कुणी उठवणार नाही अशी जागा काढायचीय. असं कुठे चाललंय का? कुणी बघितलंय?

देवनारकर:
ताई, आधी तुमच्याच भागातलं नटवर पारेख कंपाउंड बघा, तिथे किताब महल नावाची वस्तीची लायब्ररी आहे. फेब्रुवारी 2023 मधला गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल पण तिथेच झाला. तिथल्या पोरांना भेटा, खरं काय ते तीच सांगतील. धारावीला धारावी आर्ट रूम आहे, बायका आणि मुलांसोबत काम करतात, तेही बघून या.

शिकागोहून_मीनल:
इथे साउथ साइडला वॉशिंग्टन पार्क नावाची दुर्लक्षित कृष्णवर्णीय वस्ती आहे, तिथे थिएस्टर गेट्स या कलाकाराने 2014 मध्ये करन्सी एक्सचेंज कॅफे काढला. आधी तिथे चेक वटवायचं दुकान होतं, तेच नाव ठेवलं. पण शेजारीच शिकागो युनिव्हर्सिटीचा आर्ट्स इनक्युबेटर, म्हणजे कलाकारांना कामाला जागा देणारं केंद्र होतं, त्यामुळे कॅफे एकटा उभा नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्हीही कुणाच्या तरी बाजूला उभ्या राहा.

जुना_नाटकवाला:
मीनलशी सहमत. चहावर भाडं निघत नाही हो, गाळा भाड्याने घेऊच नका. आविष्कार या नाट्यसंस्थेने 1974 पासून दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं केली, पुढे माहीमच्या म्युनिसिपल शाळेत गेले. प्रायोगिक नाटकाची एवढी मोठी चळवळ शाळेच्या जागेत वाढली! सोसायटी ऑफिस, बालवाडी, शाळेचा वर्ग, जे संध्याकाळी रिकामं असेल ते मागा, आणि जे ठरेल ते लेखी घ्या, कारण कमिटी बदलली की शब्द बदलतो.

रंगपेटी:
ब्रश धुवायचं सिंक कपबश्यांच्या सिंकपासून वेगळं ठेवा, ही गोष्ट सगळे विसरतात आणि मग चहाला टर्पेंटाइनचा वास येतो. सामान ठेवायला कुलूपवाली कपाटं द्या, घरी ओला कॅनव्हास ठेवायला जागाच नसते. दुपारी दोन ते पाच फक्त बायकांसाठी ठेवा, नाहीतर संध्याकाळी पोरं टेबल अडवतात आणि बायका दारातूनच परत जातात. माइक रात्री दहाला बंद. आणि चहा घेतलाच पाहिजे अशी सक्ती अजिबात नको!

गोवंडीची_ताई:
काका, सोसायटी ऑफिस संध्याकाळी रिकामंच असतं, सेक्रेटरींशी बोलते. फक्त लाइट बिल कुणी भरायचं हे कसं ठरवतात? सब-मीटर लावून कुणी केलंय का?