बोडो/ग्लिम्ट अचानक कुठून उगवली? आणि तो पिवळा टूथब्रश काय भानगड आहे?

अर्धवट_झोप:
मॅन सिटीला 3-1 ने धुतलं त्या मॅचचे हायलाइट्स परत बघत होतो (जानेवारी 2026 ची, चॅम्पियन्स लीग). मी फुटबॉल बघायला लागल्यापासून नॉर्वेचा एकच क्लब ऐकून होतो, रोझेनबोर्ग, आणि आता जिकडे तिकडे हे पिवळे शर्टवाले. शहर म्हणे पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं, तेही आर्क्टिक सर्कलच्या वर, स्टेडियम आठेक हजारांचं, खाली नकली गवत. कोणी शेठने येऊन पैसा ओतलाय का? पाच-सात वर्षांपूर्वी तर नावही ऐकलं नव्हतं. दुसरं म्हणजे स्टँडमध्ये माणसापेक्षा मोठा पिवळा टूथब्रश घेऊन लोक नाचतात ते काय आहे, कोणी सांगेल का

लेफ्टबॅक_निवृत्त:
शेठ बिठ कोणी नाही रे. नॉर्वेत क्लब सभासदांचाच असावा लागतो, बाहेरून येऊन कोणी विकत घेऊन टाकला असं तिथे चालत नाही. आणि "अचानक" तर अजिबात नाही, क्लब 1916 चा आहे. तेव्हा नाव नुसतं ग्लिम्ट, म्हणजे चमक, 1948 ला पुढे शहराचं नाव जोडलं म्हणून मध्ये ती तिरकी रेघ. (उच्चार बूडोच्या जवळ जातो, पण मीही बोडोच म्हणतो, सवय.)

आता नाव का ऐकलं नव्हतं ते सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. उत्तर नॉर्वेच्या क्लब्जना 1963 पर्यंत नॉर्वेजियन कपमध्ये खेळूच देत नव्हते. देशाचा कप, आणि देशाच्या वरच्या भागाला एन्ट्री नाही! प्रवास लांबचा, उत्तरेकडचं फुटबॉल कच्चं, अशी कारणं. मग हे लोक आपापसात उत्तर नॉर्वेची चॅम्पियनशिप खेळत बसायचे. टॉप डिव्हिजनमध्ये उत्तरेचा पहिला क्लब आला 1972 ला, तोही ग्लिम्ट नाही, नार्विकचा म्यॉलनर.

बरं दार उघडलं तेही अर्धवट. दुसऱ्या डिव्हिजनचे तीन ग्रुप, दोन दक्षिणेचे, एक उत्तरेचा. दक्षिणेच्या ग्रुपात पहिला आलास की थेट वर. उत्तरेत पहिला आलास तर दक्षिणेत दुसऱ्या आलेल्यांशी प्लेऑफ खेळ. ग्लिम्ट 1974 ला तिथेच अडकले, 1975 ला परत तिथेच, आणि त्याच 1975 ला त्यांनी कप जिंकला, फायनलमध्ये वार्डला 2-0. म्हणजे कप जिंकणारा उत्तरेचा पहिला क्लब, आणि पुढच्या वर्षी खेळतोय कुठे तर परत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. शेवटी 1976 ला वर आले आणि 1977 ला पहिल्याच सीझनला थेट दुसरे. लिलेस्ट्रॉमने लीग नेली आणि कप फायनलपण 1-0 ने नेली, नाहीतर काय झालं असतं विचार कर.

ट्रॉन्डहेमवाला:
रोझेनबोर्गचं नाव निघालं म्हणून आलो 😄 सलग 13 वेळा लीग, 1992 ते 2004. डिसेंबर 1996 ला सान सिरोवर मिलानला 2-1 हरवून त्यांना चॅम्पियन्स लीगच्या बाहेर काढलं होतं, तेव्हा बोडोवाले कुठे होते?

लेफ्टबॅक_निवृत्त:
होते ना, 1993 ला आदल्याच वर्षी वर आलेली टीम लीगमध्ये तुमच्या मागे दुसरी होती आणि कपपण जिंकून बसली होती. पण मान्य, सातत्य नव्हतंच. 80 चं दशक दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलं, नंतर 2005 ला खाली, 2007 ला वर, 2009 ला खाली, 2013 ला वर, 2016 ला परत खाली. लिफ्ट नुसती. आणि 2010 च्या आसपास तर क्लब बुडायलाच आला होता, प्लेयर्सचे पगार अडकले, गावातल्या लोकांनी पैसे गोळा करून वाचवला.

ऑफसाईड_काकू:
मग बदललं कधी तर 2017-18. शेतिल क्नुट्सेन आधी असिस्टंट म्हणून आला, 2018 ला हेड कोच झाला. त्याच सुमारास ब्यर्न मान्सवेर्क नावाचा फायटर पायलट राहिलेला माणूस मेंटल कोच म्हणून आणला (बोडोला एअरफोर्सचा मोठा तळ होता). हे वाचून मीपण आधी हसले, म्हटलं झालं, आता मोटिवेशनल भाषणं. पण गोल खाल्ला की हे लोक एकमेकांवर न खेकसता रिंगण करून उभे राहतात आणि काय चुकलं ते तिथल्या तिथे बोलतात, पुढच्या मॅचला नीट लक्ष देऊन बघा, ते त्याचंच. उलरिक साल्टनेसचं तर टेन्शनने पोट इतकं बिघडायचं की तो फुटबॉल सोडायच्या बेतात होता. त्याच साल्टनेसने एप्रिल 2025 ला रोमच्या लाझिओला घरच्या मॅचमध्ये दोन्ही गोल मारले, रोममध्ये पेनल्टीवर सुटले आणि युरोपा लीगच्या सेमीफायनलला गेले, युरोपात तिथवर जाणारा नॉर्वेचा पहिला क्लब. पुढे टॉटनहॅमने अडवलं ते सोडा.

2020 ला पहिली लीग जिंकली ती कशी तर 30 मॅचमध्ये 103 गोल, 81 पॉइंट, एकच हार. उत्तरेच्या कुठल्याही क्लबची पहिली लीग. तेही सीझन सुरू असतानाच हाउगे नावाचा प्लेयर मिलानला विकून. मग 2021, 2023, 2024 पण. 2021 ला युरोपात इटलीच्या रोमाला 6-1 ने हरवलं ते तर सगळ्यांना माहितीये, तेव्हा रोमाचा कोच मोरिन्यो, आणि त्याच्या टीमने त्याआधी कधीच एका मॅचमध्ये सहा खाल्ले नव्हते.

ट्रॉन्डहेमवाला:
6-1 ला मीपण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण सहा महिन्यांनी त्याच रोमाकडून रोममध्ये 4-0 खाऊन कॉन्फरन्स लीगच्या क्वार्टरफायनलला बाहेर गेले तेही सांगा की काकू

ऑफसाईड_काकू:
सांगितलं बाबा तूच 🙏 अजून एक राहिलं, बर्ग घराणं. 1975 च्या कप टीममधला हाराल्ड बर्ग, त्याची तिन्ही मुलं क्लबला खेळली, आणि आताचा कॅप्टन पॅट्रिक बर्ग त्याचा नातू. मधे फ्रान्सला लान्सकडे गेला आणि काही महिन्यांत घरी परत.

अर्धवट_झोप:
भारी माहिती दिलीत सगळ्यांनी, त्या 1975 च्या प्लेऑफचं वाचून माझंच डोकं फिरलं. पण टूथब्रश??

लेफ्टबॅक_निवृत्त:
अरे हो. ते 70 च्या दशकातलंच. स्टँडमध्ये गाणी म्हणवून घेणाऱ्या माणसाच्या हातात एकदा टूथब्रश होता, तोच ब्रश हलवत तो बँडमास्तरसारखा ताल देत होता. लोकांना आवडलं, सगळे ब्रश आणायला लागले आणि मग मोठमोठे बनले. एवढंच आहे, दुसरा काही अर्थ नाही त्यात.