मदत हवी आहे : रेवतीच्या नव्हे, दोन मोठ्या बहिणींच्या नावांशी जुळणारे नाव

माळव्यातली_आई (इंदूर)
नमस्कार. आमच्या तिसऱ्या मुलीचे बारसे येत्या रविवारी आहे आणि नाव अजून ठरलेले नाही. मोठ्या दोघींच्या नावांशी जुळणारे, छोटे आणि ज्यात 'ळ' नाही असे नाव हवे आहे. शेजारी सगळे हिंदी बोलणारे आहेत. माझ्या आत्तेबहिणीची 'बकुळ' शाळेच्या पहिल्याच दिवशी 'बकुल' झाली ती आजतागायत तशीच आहे. संकेतस्थळांवरच्या याद्या पाहून झाल्या आहेत, कृपया त्या पुन्हा देऊ नयेत. (शीर्षकातील रेवती ही माझी भाची. तिच्या बारशाच्या वेळी असाच धागा काढला होता, म्हणून खुलासा.)

रामबागकर
ताई, भाचीचे नाव कळले, मुलींची नावे मात्र आपण लिहिलीच नाहीत. मग जुळवायचे कशाशी?

माळव्यातली_आई
क्षमस्व. दिवसभर त्याच हाका मारत असल्यामुळे ती सर्वांना ठाऊक आहेत असेच वाटले. थोरली रेवा, मधली क्षिप्रा.

निवृत्त_गुरुजी (ग्वाल्हेर)
म्हणजे आपण नद्यांच्या वाटेने निघाला आहात. कालिदासाच्या मेघाला उज्जयिनीच्या मागेपुढे रेवा आणि शिप्रा यांच्याबरोबरच वेत्रवती, निर्विंध्या, गंभीरा आणि चर्मण्वती याही नद्या भेटतात. माझ्या मते 'निर्विंध्या' या नावाला तोड नाही. जाता जाता सांगतो, 'शिप्रा' आणि 'क्षिप्रा' ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत, तेव्हा शाळेच्या दाखल्यावर कोणते आहे ते एकदा पाहून घ्यावे.

रामबागकर
गुरुजी, पहिलीतल्या मुलीने पाटीवर 'निर्विंध्या' लिहीपर्यंत मधली सुट्टी संपेल. शिवाय बहिणींची नावे दोन-दोन अक्षरांची आहेत. आणि चर्मण्वती म्हणजे महूजवळच्या जानापावात उगम पावणारी आपली चंबळ. लेकीला ते नाव देण्याचे धाडस मी तरी पाहिलेले नाही.

बडोद्याची_मावशी
'मही' ठेवा. ही नदी तुमच्या धार जिल्ह्यात उगम पावते, राजस्थानातून वळसा घेऊन आमच्या बडोद्याच्या बाजूने जाते आणि खंभातच्या आखाताला मिळते. दोन अक्षरे आहेत, नदी आहे आणि शिवाय पृथ्वी असाही अर्थ आहे. ताईंचे माहेर इकडचे असेल तर सोन्याहून पिवळे.

रामबागकर
इंदुरात 'मही'चे 'माही' व्हायला आठवडासुद्धा लागणार नाही, आणि मग प्रत्येक जण तिला क्रिकेटबद्दल विचारील.

पत्रिका_पाहणारा
मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. जन्माक्षर कोणते आले आहे?

माळव्यातली_आई
हस्त नक्षत्राचा तिसरा चरण, अक्षर 'ण'. यावरून नाव निघत नाही, म्हणून मी ते लिहिले नव्हते.

पत्रिका_पाहणारा
हे आधीच सांगायला हवे होते. हस्ताची चार अक्षरे पू, ष, ण, ठ अशी आहेत. 'ण'वरून नाव अडले की त्याच नक्षत्रातले सोयीचे अक्षर घेतात, म्हणून 'पू'. आता नदीही हवी आहे, तर 'पूर्णा' हे नाव तयारच आहे. सातपुड्यातून निघून ती तापीला मिळते. रेवा, क्षिप्रा, पूर्णा : यापेक्षा चांगली जुळणी मला दाखवावी.

घरगुती_सल्ला
जन्मनोंदणी नावाशिवायही करता येते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालून घेता येते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. मुलगा झाला असता तर मी 'शोण' सुचवले असते, कारण शोण हा नद, म्हणजे पुरुष मानलेली नदी आहे.

माळव्यातली_आई
घाई नोंदणीची नसून बारशाची आहे. 'पूर्णा'ची जुळणी मलाही मान्य आहे, तरीही ते नाव मी ठेवणार नाही. बाळ झाल्याचे कळताच एका नातेवाईक बाईंनी "आता पुरे" असे म्हटले होते. माळव्यातल्या खेड्यांत नको असताना झालेल्या मुलीला 'धापू' म्हणत, म्हणजे आता पोट भरले. साताऱ्यात 2011 साली 'नकोशी' नावाच्या मुलींना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली होती. तिसऱ्या मुलीच्या नावात 'पूर्ण' ऐकू आले की त्या बाईंना काय वाटेल हे मला ठाऊक आहे, आणि ते सुख त्यांना मिळू द्यायचे नाही.

निवृत्त_गुरुजी
शब्दाचा दोष नाही, ऐकणाऱ्याचा आहे.

बडोद्याची_मावशी
गुरुजी, हाका ऐकणाऱ्यांच्याच कानावर पडतात. मुलगी त्यांच्यातच वाढणार आहे.

पत्रिका_पाहणारा
मग निदान जन्मनाव तरी 'प'चे ठेवावे. आत्याने ते कानात सांगावे आणि व्यवहारात हवे ते चालवावे.

माळव्यातली_आई
हे पटले. माझ्या आजेसासूबाईंचे नाव पार्वती होते आणि चंबळेला मिळणारी पार्वती नदीही आपल्याच बाजूची आहे. आत्या कानात 'पार्वती' सांगेल आणि पाळण्यावर नाव 'मही' राहील.

पत्रिका_पाहणारा
'पा' हे अक्षर हस्ताचे नसून उत्तरा फाल्गुनीचे आहे.

माळव्यातली_आई
रास तर कन्याच आहे ना? तेवढे चालवून घ्यावे. 'माही'ची धास्ती मात्र खरी आहे, म्हणून नोंदणीच्या अर्जावर देवनागरीतले नाव मी स्वतःच्या हाताने लिहिणार आहे.

रामबागकर
आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर खिडकीसमोरून हलण्याआधी 'म'ला काना लागलेला नाही ना, ते पाहून घ्यावे.