‘लॉस लागलाय’ला मराठीत काय म्हणाल?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी परवा नेट बंद पडलं. केबलवाल्या पोराला फोन लावला तर म्हणाला, “काका, लॉस लागलाय का बघा की.” शेजारी बसलेल्या आईनं विचारलं, “कुणाला तोटा आला?”

फायबरच्या डब्यावर एलओएस छापलेलं असतं, म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. पोरं ते सरळ ‘लॉस’ वाचतात, आणि अर्थही चुकत नाही: तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचलेला नसतो, म्हणून लाल दिवा उघडझाप करतो. आमची तार कपाटामागं पार दुमडली होती. काचेची तार जास्त वाकली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो.

तर प्रश्न असा, की या दिव्यांच्या ‘ब्लिंक’ला सरसकट ‘लुकलुकणे’ चालेल का?

प्रतिसाद: मला नाही पटत. लुकलुकणं लांबच्या, मंद उजेडाचं. रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरचे दिवे लुकलुकतात. शिवाय डब्यावर प्रत्येक दिव्याचं म्हणणं वेगळं. ‘पॉन’चा, म्हणजे बाहेरच्या फायबर जाळ्याचा, दिवा चालू-बंद होतो तेव्हा डबा पलीकडच्या यंत्राकडं नोंदणी मागत असतो, नोंद झाली की तो स्थिर. लॅनचा, म्हणजे डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतच्या तारेचा, दिवा स्थिर म्हणजे दोन्ही टोकं जुळली, आणि माहिती धावाय लागली की तो फडफडतो. म्हणजे लॅनवर हालचाल चांगली, एलओएसवर वाईट. इंग्रजी एका क्रियापदात उरकते, आपण कशाला उरकायचं?

प्रतिसाद: ‘फडफडतो’ नको हो! तेल संपलेला दिवा फडफडतो. लॅनसाठी आमच्या दुकानात ‘लाईट नाचाय लागली’ म्हणतात, तेच बरं. पण फोनवर ‘लाईट’ शब्द टाळा. “लाईट गेलीया” म्हटलं की पलीकडचा म्हणतो, मग वीज आल्यावर फोन करा. ‘दिवा’ म्हणा, भांडण मिटलं.

प्रतिसाद: दिव्यांचं ठरलं तर लॅनच्या जॅकमधल्या पिनांचंही बोलू. टीएक्स-आरएक्सला, म्हणजे माहिती पाठवणं आणि घेणं याला, ‘प्रेषण’ आणि ‘ग्रहण’ असं एका पुस्तिकेत वाचलं. ग्रहण म्हटलं की मला आंघोळ आठवते. मार्केट यार्डात गुळाची आवक असते, ऑफिसात आवक-जावक वही असते. मग इथं जावक आणि आवक का नको? १०० मेगाबिटच्या लॅनमध्ये कॉम्प्युटरच्या बाजूनं १ आणि २ नंबरच्या पिना जावक, ३ आणि ६ आवक. राउटरच्या बाजूनं नेमकं उलट, कारण याची जावक ती त्याची आवक. वही कुणाची, हे आधी सांगावं लागतं, आणि ते या शब्दांत आपोआप कळतं.

जॅकवरच्या प्लॅस्टिकच्या जिभेला मी ‘खिटी’ म्हणतो. ‘कट्’ आवाज आला की बसली. मोडली तर दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि माणूस उगाच राउटर बदलतो.

धागाकर्ता: खिटी घेतली! आवक-जावकही आवडलं, पण गिगाबिटला, म्हणजे त्याहून दहापट वेगाच्या लॅनला, काय करणार? तिथं आठही पिना, म्हणजे चारही जोड्या, एकाच वेळी दोन्हीकडं वाहतात.

प्रतिसाद: तिथं वहीच मिटली. मी नुसतं ‘जोडी’ म्हणतो: नारिंगी जोडी, हिरवी जोडी. क्रिंप करणाऱ्याला, म्हणजे तारेला जॅक दाबून बसवणाऱ्याला, तेवढं पुरतं.